कुणी मागितलं तरच

माझ्या मोठ्या जाऊबाई विमानतळावर एका स्वस्त तिकिटांच्या कंपनीच्या काउंटरवर बसत. चिडलेला प्रवासी त्यांच्यापुढे आला की विरघळायचा, म्हणून तिथे सगळे त्यांना ‘खडीसाखर’ म्हणत. घरातही तेच. मी रागाच्या भरात माहेरी निघाले तेव्हा माझी बॅग दोनदा त्यांनीच रिकामी करून ठेवली आहे.

एका सकाळी विमान रद्द झालं. साहेबांनी काउंटरवर वाकून बजावलं, “सगळ्यांना उद्याचं तिकीट द्या. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पाठवायचा नियम आहे, पण कुणी मागितलं तरच.”

रांगेत एक म्हातारे शिंपी होते. “बाई, भाऊ अत्यवस्थ आहे. आज पोचायला काही मार्ग आहे का?”

दुपारी दुसऱ्या कंपनीचं विमान होतं. जागाही होत्या. जाऊबाई म्हणाल्या, “काका, उद्या सकाळचं पहिलंच देते. खिडकीजवळची जागा.” काकांनी हात जोडले. त्यांच्यामागे एक वकीलबाई होत्या. त्यांनी नियम घडाघडा म्हणून दाखवला आणि त्या दुपारीच गेल्या.

दहा-बारा दिवसांनी शिंपीकाका परतले ते थेट काउंटरशी आले.

“मी पोचायच्या आदल्या संध्याकाळीच भाऊ गेला. पण तुम्ही त्या दिवशी किती आपुलकीनं बोललात, म्हटलं सांगून जावं.”

जाऊबाईंना मान डोलावून गप्प बसता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, “काका, तुम्हाला त्याच दुपारी जाता आलं असतं. तुमचा हक्कच होता तो. मला माहीत होतं.”

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभे राहिले. “मी विचारलं होतं ना?” एवढंच म्हणाले आणि गेले.

हे मला जाऊबाईंनी घरी चादरींच्या घड्या घालताना सांगितलं. मी म्हटलं, “वहिनी, हुकूम साहेबांचा होता.”

“हुकूम त्यांचा, तोंड माझं होतं गं.”

पुढचं विमान रद्द झालं तेव्हा त्यांनी उभं राहून अख्ख्या रांगेला नियम सांगितला. त्याच्या पुढच्या वेळीही. महिन्याभरात त्यांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. काका भेटून गेल्यापासून निम्म्यावर आलेलं त्यांचं जेवण मात्र अजून तसंच आहे.

तिकिटाच्या नोंदीतला नंबर काढून शिंपीकाकांना त्यांनी दोनदा फोन केला. काकांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा करावा का, असं त्या मला अधूनमधून विचारतात. मला सांगता येत नाही.