प्लायपलीकडचा बाण

कळंबच्या नाक्यावर एका गाळ्याचे दोन गाळे करणारी प्लायवूडची एक भिंत आहे. तिच्या अलीकडे धनेशचं दुकान, पलीकडे रूपेशचं. दोघे सख्खे भाऊ. अलीकडची पाटी ‘धनेश डिजिटल’, पलीकडची ‘रूपेश डिजिटल’. पूर्वी भिंत नव्हती आणि पाटीही एकच होती : ‘धनेश डिजिटल अँड ब्रदर’. ती धनेशनेच करून घेतली होती, आणि तीत कुणाला खटकण्यासारखं काही आहे असं त्याला आजतागायत वाटलेलं नाही. रूपेशला खटकलं. "ब्रदरला नाव नाय का?" असं त्याने एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि एका सकाळी सुतार आणून प्लाय ठोकून घेतली. भाऊबंदकी एरवी जमिनीवरून होते. पण यांची जमीन केव्हाच एका रिसॉर्टवाल्याच्या पोहण्याच्या तलावाखाली गेली होती, त्यामुळे भांडायला पाटीच उरली होती.

धनेश आधी साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. खोक्यांवर तोच तो शिक्का मारून कंटाळला, तेव्हा कर्जतला जाऊन डीटीपी शिकला आणि फ्लेक्स करायला लागला. त्याची चित्रकला बेताचीच. पण या धंद्यात चित्रकलेचं फारसं अडत नाही. कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यापेक्षा किती मोठं हवं, हे कळलं की झालं. वर नेते, मधे अध्यक्ष, खाली सल्लागार, त्याहून खाली शुभेच्छुक, आणि अगदी तळाशी टिकलीएवढ्या चेहऱ्यांची रांग. माणसाची समाजातली जागा ठरवायला इतरांना जन्म जातो; धनेश ती माऊसने एका दुपारात ठरवतो. तेवढ्यापुरता तो कळंबचा विधाता आहे, आणि हे तो मनातल्या मनात जाणून असतो.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विधात्याचा माऊस चालेना.

काम साधं नव्हतं. कोजागिरीच्या रात्री गावच्या मंडळाच्या कबड्डीच्या स्पर्धा. त्यांचा फ्लेक्स गेली दोन वर्षं रूपेशकडे असायचा. गेल्या खेपेला त्याने खजिनदार अध्यक्षांपेक्षा बोटभर मोठा केला, आणि मंडळ प्लायच्या अलीकडे आलं. फाईल संध्याकाळी पाचच्या आत नेरळच्या छपाईवाल्याला गेली नाही, तर तो पुढच्या कामाला लागणार. मग मंडळ आल्या वाटेने प्लायपलीकडे परत जाणार, आणि मंडळ गेलं की गणपतीवाले, वाढदिवसवाले, श्रद्धांजलीवाले सगळे त्याच्यामागोमाग. हे धनेशला कुणी सांगायला नको होतं. आदल्याच आठवड्यात त्याने चहाच्या टपरीवर उभं राहून, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं, "आता बग कामं कशी येतात ती."

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर बाण मधोमध उभा होता, बैलाने शेतात बसकण मारावी तसा. धनेशने माऊस पुढे सरकवला, मागे ओढला, गोल फिरवला. बाण हलला नाही. उलटा करून पाहिलं तर खालचा लाल दिवा लागलेला. म्हणजे जीव होता, नुसतं ऐकणं बंद होतं. खालचं बटण बंद करून चालू केलं. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला नखाएवढा रिसीव्हर काढून, फुंकर मारून दुसऱ्या भोकात घातला. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. बाण होता तिथेच.

"सेल गेला असंल," धनेश स्वतःशीच म्हणाला. दुकानात दुसरा सेल भिंतीवरच्या घड्याळातच होता. तो काढून माऊसमध्ये घातला, आणि माऊसमधला जुना समोरच्या गटारात भिरकावला. दिवा आणखी लाल झाला, घड्याळ बंद पडलं आणि बाण जागचा हलला नाही.

मग त्याला कुंकू दिसलं. दिव्याच्या भोकाच्या कडेला जरासं सुकून बसलेलं. खंडेनवमीला सोनुबाईंच्या, म्हणजे यांच्या आईच्या, घरी हत्यारांची पूजा असते. दुकानं दोन झाली तरी पूजा एकच, यावर म्हातारी अडून बसली होती. पाटावर कोयता, विळा, बापाच्या वेळचा नांगराचा फाळ मांडलेला. अख्खा कॉम्प्युटर काही पाटावर मांडता येत नाही, म्हणून दोन्ही भाऊ आपापला माऊस प्रतिनिधी म्हणून नेऊन ठेवत आणि एकमेकांकडे न बघता नमस्कार करत. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की हत्यारं उचलायची.

धनेशने काडेपेटीतल्या काडीने कुंकू कोरून काढलं. माऊस प्लायवर फिरवला, वर्तमानपत्रावर फिरवला, स्वतःच्या मांडीवर फिरवला. मोबाईलवर एक हिंदी व्हिडिओ लावला. त्यातल्या मुलाने आधी बराच वेळ चॅनेलचं कौतुक केलं आणि मग माऊसचं बटण बंद करून चालू करायला सांगितलं. समोरच्या मोबाईलवाल्याकडे नवा माऊस मिळाला असता, पण तो सासरवाडीला दसरा करायला गेला होता. पलीकडे रूपेशकडे एखादा जादा माऊस असेल, हा विचार धनेशच्या मनात आला आणि त्याने तो लगेच हाकलला.

एवढ्यात पलीकडचं शटर वर गेलं. रूपेश आला होता. आणि थोड्या वेळाने बाण हलला.

"चालला!" धनेश ओरडला. त्याने कीबोर्डवरून उघडून ठेवलेल्या फाईलकडे घाईने पाहिलं. बाण हलत होता, हे खरं. फक्त धनेश उजवीकडे नेई तेव्हा तो वर जाई, आणि धनेश थांबे तेव्हा तो फिरायला निघे. एकदा तर त्याने मंडळाच्या सल्लागारांना धरून पडद्याबाहेर नेऊन सोडलं.

"व्हायरस," धनेश म्हणाला.

पलीकडून टेबलावर काही तरी आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक सणसणीत शिवी. एरवी कुणालाही यावरून काही सुचलं असतं. पण पलीकडचं सगळं ऐकू येत असताना न ऐकण्याचा धनेशचा दोन वर्षांचा सराव होता. त्यानेही माऊस आपटला.

दुपार कलली तेव्हा गजा आला. गजा मंडळाचा सेक्रेटरी. कबड्डी खेळताना गुडघा गेला तेव्हापासून तो शिट्टी, माईक आणि फ्लेक्स एवढंच सांभाळतो. त्याच्या मागोमाग सोनुबाई दोन डबे घेऊन आल्या. एक अलीकडे ठेवला, एक पलीकडे, आणि दोन्ही दुकानांच्या सामाईक पायरीवर बरोबर प्लायच्या रेषेवर बसल्या. रोज तिथेच बसत.

"झाला का रं फ्लेक्स?" गजाने विचारलं.

"होतोय. बस."

गजा बसला आणि पडद्यावर स्वतःला शोधू लागला. सापडला. तेवढ्यात बाण सरसरत आला, त्याने गजाला उचललं आणि तळाच्या टिकलीवाल्या रांगेत नेऊन टाकलं.

"ये! मी हितं?" गजा उठून उभा राहिला. "धनेशशेट, ह्ये काय?"

"मी नाय केलं."

"मंग कुनी, भुतानं? माऊस तुज्या हातात हाय."

"हातात हाय, पन माजं ऐकत नाय."

"असं कुटं आसतं? सरळ सांग ना, अध्यक्षांनी सांगितलंय म्हनून." गजाचा आवाज चढला. "गुडगा दिलाय मी मंडळाला! गुडगा! आन् खालच्या रांगेत?"

"गजाभाऊ, आयशपत, माऊस बिगाडलाय."

"बिगाडलाय तर ऱ्हाऊ दे. मी जातो शेजारी. त्यानं खजिनदार मोटा केला, पन सेक्रेटरीला कदी हात लावला नाय."

आणि गजा खरोखरच गेला. पायरीवर सोनुबाईंना ओलांडून, चार पावलांत. दोन वर्षांनी मिळालेलं काम चार पावलांत गेलेलं धनेशने पाहिलं. तो खुर्चीत तसाच बसून राहिला. हातात माऊस होता. रागाने म्हणा, सवयीने म्हणा, तो फिरवत राहिला.

पलीकडून गजाचा आवाज आला, "अरं, हितंबी तेच! तुजाबी बाण पळतोय की रं!"

"सकाळधरनं पळतोय," रूपेश म्हणाला. "माजं डोकं फिरलंय."

"बग बग, डावीकडं गेला."

धनेशचा हात डावीकडे गेला होता.

तो थबकला.

"थांबला," पलीकडून गजा म्हणाला.

धनेशने अगदी हळू, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, माऊस गोल फिरवला.

"आता गोल फिरतोय! रूपेश, भानामती हाय रं ही!"

धनेशने माऊस उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. हे दोन्ही माऊस कल्याणहून एकाच दिवशी आणलेले, एकाच खोक्यातले, जुळे. पूजेला माऊस गेले. त्यांचं ऐकणारे नखाएवढे तुकडे मात्र आपापल्या कॉम्प्युटरच्या मागेच राहिले. म्हणजे सकाळपासून तो भावाचा कॉम्प्युटर चालवत होता, आणि भाऊ त्याचा. दोघेही चिडून जितके जोरात हलवत होते, तितका दुसऱ्याचा बाण नाचत होता.

एक क्षण, अगदी एकच, त्याच्या मनात आलं की आत्ता पलीकडचं सगळं काम बंद पाडता येईल. लगेच पुढचं मनात आलं : आपली फाईल त्याच्या बोटाखाली आहे.

"रूप्या," धनेशने प्लायकडे तोंड करून हाक मारली.

पलीकडे गजाच म्हणाला, "तुला हाक मारतोय."

"काय हाय?" रूपेश म्हणाला.

"माऊस दे."

"कुनाचा?"

"माजा. तुज्याकडं माजा हाय. माज्याकडं तुजा."

पलीकडे रूपेशने आपल्या हातातला माऊस हलवला. अलीकडे बाण हलला. त्याने परत हलवला, परत हलला. कळायला वेळ लागला नाही. तोही डीटीपीवालाच होता.

"मंग तुज्याकडं माजा गेला कसा?"

"आयेनं बदलून दिला असंल."

"मी?" पायरीवरून सोनुबाई म्हणाल्या. "मी कुनाला काय दिला नाय. मोटा हाय म्हनून पयला हात तूच घातलास पाटावर. ज्याला कुंकू कमी तो उचाललास. मी म्हनलं, आसू दे, मोटा हाय."

ते खरं होतं. काल पाटापुढे उभं असताना, कुंकवाने माखलेला माऊस पुसत बसायला नको म्हणून धनेशने बऱ्यातला बरा उचलला होता. कोणता कुणाचा, हे त्याने पाहिलं नव्हतं. पाहायची गरज वाटली नव्हती. पाटीच्या वेळीही वाटली नव्हती.

गजा दोन्ही दुकानांच्या मधे उभा राहून दोन्ही बाजूंनी ऐकत होता. उद्या सकाळपर्यंत हे नाक्यावर सगळ्यांना कळणार होतं.

प्लायच्या खालच्या कोपऱ्यात, सामाईक मीटरची वायर जाते तिथे, एक भोक आहे. त्यातून एक हात आला. हातात कुंकवाने माखलेला माऊस. धनेशने तो घेतला आणि आपल्या हातातला ठेवला. हात परत गेला. दोघांपैकी कुणी वाकून पाहिलं नाही.

बाण चालला. धनेशने सल्लागारांना पडद्यावर परत आणलं, परत येऊन बसलेल्या गजाला तळातून काढून अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. गजाने आणखी थोडा मोठा करायला लावला, आणि "गुडग्यामुळं" असंही म्हणाला. फाईल नेरळला गेली. मेलवर छपाईवाल्याचं उत्तर आलं, जरा आधी पाठवायची ना.

मग धनेशने कॉम्प्युटर बंद केला आणि वेळ बघायला भिंतीकडे पाहिलं. घड्याळ सकाळपासून तिथेच थांबलं होतं. सेल आठवला. सेल त्या माऊसमध्ये होता, आणि तो माऊस पलीकडे. मोबाईलची बॅटरी व्हिडिओ बघून बघून संपली होती. सेल मागायचा, म्हणजे एका दिवसात दोनदा मागणं झालं असतं. वेळ विचारणं म्हणजे काही मागणं नव्हे, असा त्याने हिशेब केला.

"रूप्या, किती वाजले रं?"

"तुज्या भितीवर घड्याळ हाय ना?"

"बंद हाय. सेल तुज्या माऊसमधी हाय."

पलीकडे माऊसचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग परत लावल्याचा.

"आसू दे हितंच," रूपेश म्हणाला. "रोज इचारत जा."