सिग्नलला बंद होणारं इंजिन

मोठी हायब्रिड गाडी घ्यावी की नाही, हे आमचं काही केल्या ठरत नव्हतं. माझं आणि माझी बायको सुनीता हिचं ऑफिस घरापासून जवळच आहे, पण तेवढ्याशा रस्त्यावरच्या गर्दीनंच आम्ही दमून जातो. म्हणून एका रविवारी गाडी चालवून बघायला गेलो. सुनीता माझ्या शेजारी बसली, शोरूमचा सेल्समन मागे.

पहिल्याच सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं आणि गाडीत एकदम शांतता पसरली. "आता बॅटरीवर आहे, सर. थांबत थांबत जायच्या रस्त्यालाच हिचा फायदा," सेल्समन म्हणाला. मी सुनीताकडे वळून पाहिलं, तर ती झोपली होती. मान कललेली, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. रोज माझ्या शेजारीच बसते, पण गर्दीत माझी नजर पुढच्या गाडीवर असते. तिच्या डोळ्यांखाली एवढं काळं कधी झालं, ते मला माहीतच नव्हतं.

शोरूम जवळ आलं तेव्हा सेल्समन हळूच म्हणाला, "अजून एक चक्कर मारू या, सर. झोपू द्या मॅडमना."

पुढच्या वळणावर ती दचकून जागी झाली. "आलं का ऑफिस?"

"आज रविवार आहे," मी म्हणालो.

"हो का," म्हणून तिनं पुन्हा डोळे मिटले.

गाडी आम्ही घेतली नाही. घर आणि ऑफिस यांच्यामधला रस्ता शांत झाला असता हे खरं, पण त्याच्या दोन्ही टोकांना जे काम आमची वाट बघत असतं, ते तसंच राहिलं असतं.