भाईजानांची एक खेप

एकाच कामासाठी दुसऱ्यांदा उठावं लागणं हे ज्याला पाप वाटतं, असा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच होता आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आमच्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्यांना सगळे भाईजान म्हणत. भाईजान सहसा जागचे हलत नसत. हलले, की पाणी पिणं, साहेबांना भेटणं, जाताजाता माझ्या डब्यातलं लोणचं चाखणं, असा सगळा कारभार एका खेपेत उरकून येत. अकोल्याच्या भावाला फोन लावला आणि मध्येच चहा आला, तर रिसीव्हर मांडीवर ठेवून चहा पीत. "ठेवला का पुन्हा लावा लागते," म्हणत. आणि कशाचंही उत्तर एकदा मिळालं, की ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसे. बायको माहेरी गेल्याचं मी त्यांना दिवाळीत सांगितलं होतं. ती आठ दिवसांत परत आली, पण भाईजान संक्रांतीपर्यंत माझ्यासाठी घरून डबा आणत राहिले. मीही खुलासा केला नाही, कारण वहिनींच्या हातचा खिमा फर्मास असे.

ती वर्षं शेतीला फार वाईट होती. भातकुलीकडच्या एका कापूस खरेदी केंद्रासाठी आम्ही जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याचा नंबर टाकला, की तो मुंबईच्या सर्व्हरला माहिती विचारून पावती काढायचा. पण नावासाठी एकदा विचारायचा, गावासाठी पुन्हा, गट नंबरासाठी आणखी एकदा. दर वेळी कनेक्शन जोडायचा आणि तोडायचा. एका पावतीला पाच मिनिटं लागत. बाहेर गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेलेली, माणसं आणि बैल उन्हात ताटकळलेले. ती रांग पाहून भाईजान तापूनच ऑफिसात आले.

"अबे, सात गोष्टी पायजेत तं सात खेपा काहून मारून रायले तुमी? मीठ घरी ठेवून मंग कोनी हळद आनाले जाते का?"

तीन दिवस ते खुर्चीवरून उठले नाहीत. सातही प्रश्न त्यांनी एकाच हाकेत बसवले, एकदा जोडलेलं कनेक्शन उघडंच ठेवलं, आणि शेतकऱ्यांची नावं, गावं, गट नंबर तर हंगामापुरते एकदाच मागवून केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये साठवली. पावती चुटकीसरशी निघू लागली. संध्याकाळी पाचला रांग संपायला लागली, तेव्हा केंद्रावाल्यांनी पेढे वाटले. भाईजानांनी चार घेतले, अर्थात एकदमच.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं सहज केंद्रावर गेलो होतो. एक बाई गाडी घेऊन आली होती. पावती हातात घेतली आणि ती तिथेच थबकली.

"हे तं माह्या मालकाचं नाव हाय," ती म्हणाली. "ते जाऊन मयना झाला. म्या तवाच अर्ज देऊन माह्यं नाव लावून घेतलं."

मुंबईच्या सर्व्हरवर नाव बदललेलं होतं. भाईजानांच्या साठवलेल्या यादीत तो माणूस अजून जिवंत होता. मी भाईजानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"चुकलं, माय. माह्यंच चुकलं. आन इकडे, दुसरी काढून देतो."

तिने ती पावती पदराच्या टोकात बांधली. "दुसरी काढा भाऊ, पन हे मले राहू द्या. पेरलं तं त्यायनंच होतं."

दुसऱ्या दिवशी भाईजानांनी यादीतली नावं पुसली आणि प्रोग्राम दर वेळी नाव नव्याने विचारू लागला. पावतीला दोन सेकंद जास्त लागायला लागले. साहेबांनी कारण विचारलं.

"गाव, गट नंबर, सारं ठेवतो साठवून," भाईजान म्हणाले. "मानूस हाय का नाही, हे दरखेपी इचारा लागते, साहेब."

पुढे कंपनी बंद पडली आणि मी पुण्याला आलो. इथे मी फार वेगवान प्रोग्राम लिहितो, लोक कौतुकही करतात. पण त्या दोन सेकंदांइतकं चांगलं काम माझ्या हातून अजून झालेलं नाही.