दादाचं तिसरं पान

पितृपक्षात म्हाळाचे वडे तळायला घेतले, की तेलाच्या वासासरशी मला वीस-बावीस वर्षांपूर्वीचं मालवणातलं सायबर कॅफे आठवतं. दादाचं जहाज बुडून तिसरा दिवस होता. कंपनीच्या वेबसाइटवर सुखरूप आणि बेपत्ता अशा दोन याद्या होत्या. दादाचं नाव दुसरीत होतं.

ते अख्खं वेबपेज सेव्ह करून मी फ्लॉपीवर घरी आणलं. दादानेच घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावाची ओळ कापली आणि सुखरूपच्या यादीत चिकटवली. आयेने दोन घास खावेत, एवढंच मनात होतं.

आयेला वाचता येत नसे, पण दादाच्या पेटीवर रंगवलेली त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं ती ओळखायची. ही सुखरूप असलेल्यांची यादी, असं मी सांगताच मासळीच्या वासाचं बोट तिने काचेवर टेकवलं. "आसा गो! माझो झील आसा!"

पुढे मी रडत खरं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी बघलंय मी." शेवटपर्यंत तिने म्हाळाला दादाचं पान वाढू दिलं नाही.

यंदा आये नाही. बाबांचं आणि तिचं पान वाढून झालंय. दादाचं पुसून हातात धरलंय, पण खाली मांडायला माझाच हात धजत नाही.