सिद्धलिंग पेंटरचे भालदार

दिंद्रुडमध्ये किराणा दुकानापासून नव्या एसटीडी बूथपर्यंत कुठलीही पाटी बघा, ती सिद्धलिंग पेंटरची. अक्षरं कमी आणि वेलबुट्टी जास्त, हा त्याचा जुना रोग. गिऱ्हाईक "साधं लिहा" म्हणालं की त्याचं तोंड उतरायचं.

लग्नसराईत तो लग्नघरांच्या भिंती रंगवायचा. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना भालदार, खाली नवरा-नवरीची नावं. भालदार सगळीकडे तेच, मिशासुद्धा त्याच. त्या मिशांचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

अशात माजलगावात कॉम्प्युटर क्लासची पाटी लिहायला तो गेला. क्लासचा मालक त्रिंबक दुपारच्या रिकाम्या वेळात किल्ल्यांचा आणि फौजांचा एक इंग्रजी गेम खेळत बसायचा. त्यातल्या एका फौजेचे शिपाई बघून सिद्धलिंग जागीच खिळला. काळं चिलखत, शिंगांचे टोप, फिकट चेहरे, हिरवे डोळे. एका दिवसाच्या पाटीला त्यानं आठवडा लावला. घरी येऊन दिसेल त्या पत्र्यावर, फळकुटावर तेच शिपाई काढत सुटला. हे शिपाई कुणाचे, एवढं मात्र त्यानं त्रिंबकला विचारलं नाही. चित्रकाराला नावगाव कशाला हवं, असा त्याचा तोरा!

मग त्याच्या लेकीचं, वर्षाराणीचं, धर्मापुरीच्या मृत्युंजयशी लग्न ठरलं. घरच्या लग्नात ते मिशीवाले भालदार? छे! दाराशी त्यानं गेममधले दोन शिपाई उभे केले. इतरांच्या भिंतीला तो डिंकातला पावडरचा रंग लावायचा; लेकीसाठी चांगला ऑइल पेंट काढला, टिकावा म्हणून.

बायको नीलाबाई म्हणाली, "हे असले मढ्यावानी कामून काढलेत?"

"तुला कळत न्हाई. लई मोठ्या राजाची फौज हाय."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दाराशी आलं. नवऱ्याची बहीण स्वप्नाली परळीत कॉम्प्युटर शिकत होती. भिंत बघून तिनं टाळीच वाजवली. "अय्या, हुबेहूब! ही तर गेममधली मेलेल्यांची फौज! हे ज्याच्या दारात उभे ऱ्हातात, त्याचं घर संपलंच!"

पोरीनं कौतुकानं सांगितलं हो. पण नवऱ्याची आत्या केसरबाई तिथंच थांबली. "लग्नाच्या दारात मुडदे? आमच्या पोराला न्यायला आलेत का?"

आपण शिवाचे भक्त, शकुन-अपशकुन मानत नाही, असं आमची लिंगायत माणसं एरवी ठासून सांगतात. त्या दिवशी एकही जण पुढं सरकेना.

सिद्धलिंगचा चेहरा काळाठिक्कर पडला. नव्या धोतरावरच तो चुन्याची बादली घेऊन आला आणि भराभरा ब्रश मारायला लागला. पण चुना ऑइल पेंटवर धरतोय कुठं? सगळा ओघळला. चिलखतं पुसट झाली आणि पांढरे पडलेले चेहरे तेवढे वर राहिले. आधी मढ्यासारखे दिसत होते, आता मढीच झाली. मागून कुणीतरी हसलं. त्या हसणाऱ्याचा मला आजही राग येतो.

शेवटी नवऱ्याचे वडील सोमेश्वरराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. चादर टाका वरून." चादरी बांधल्या, लग्न लागलं, पंगती बसल्या.

पण वारा सुटला आणि एका चादरीची गाठ सुटली. सिद्धलिंगनं पाठीनं ती भिंतीवर दाबून धरली. जेवायलाही हलला नाही. पोरीला वाटे लावायची वेळ झाली तेव्हा नीलाबाई रडत रडत आली. "अहो, लेक निघाली."

"तू हो पुढं. मी सोडलं की उघडं पडतंय."

वर्षाराणी जीपमध्ये बसताना मागं वळून वळून बघत होती. सिद्धलिंगनं खाली घातलेली मान वर केली नाही. इतक्या पाव्हण्यांसमोर नजर वर करायची त्याला सोयच उरली नव्हती.

पंचमीला लेक माहेरी आली. तोवर त्यानं भिंत खरवडून विटा उघड्या पाडल्या होत्या. चुलीपाशी बसून ती आईला विचारत होती, "आई, आप्पाला माझं लई ओझं झालतं का गं? जाताना माझ्या तोंडाकडंसुदिक बघितलं न्हाई."

सिद्धलिंग दाराबाहेरच ब्रश धूत बसला होता. त्याला सगळं ऐकू आलं. आत जाऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा, एवढंच करायचं होतं. पण लाजेनं त्याचा पाय उचलेना, आणि तो धुतलेला ब्रश पुन्हा धूत राहिला.