घरून धुतलेले पाय

आज पवित्र गुरुवार. संध्याकाळी चर्चमध्ये फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यांत यंदा माझं नाव आहे. अंघोळीला बसले, ओल्या वजरीचा दगडी वास आला आणि पप्पांवरचा जुना राग पुन्हा उफाळून आला.

मी तेव्हा दहावीत होते. पप्पा अंबडच्या एका कंपनीत साहेब, आणि त्या वर्षी बारांत त्यांचं नाव. दुपारी त्यांच्या टाचा मीच वजरीने घासल्या, गुलाबी होईपर्यंत. येशूने शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, त्याची ही आठवण. आणि आम्ही पाय घरूनच धुऊन न्यायचो!

बारावा माणूस आलाच नाही. फादरनी आवार झाडणाऱ्या शांतवनमामांना बोलावून पप्पांच्या शेजारी बसवलं. मामांच्या टाचांना भेगा, भेगांत माती. फादरनी ते पाय सावकाश धुतले, पुसले. पांढरा टॉवेल मळला. तोच घेऊन ते पप्पांसमोर गुडघ्यांवर बसले.

पप्पांनी पाय मागे ओढला. "फादर, दुसरा टॉवेल आणा."

"दुसरा नाही," फादर म्हणाले.

मामा गडबडून उठले. "माझंच चुकलं, साहेब. मी जातो."

पप्पांनी त्यांना जाऊ दिलं. मलाही लाज वाटली ती मामांचीच. असले पाय घेऊन बसलेच कशाला, म्हणून.

इतकी वर्षं मी पप्पांनाच बोल लावत आले. आत्ताही मनातल्या मनात त्यांना झापतच होते. मग खाली पाहिलं. माझ्या दोन्ही टाचा घासून गुलाबी झाल्या होत्या.