यवतेश्वरच्या घाटातला वास

निवृत्त झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. मोटार घेतली आणि आपल्याला ती उत्तम चालवता येते असं ठरवून टाकलं. सांगलीत चढ म्हणजे कृष्णेच्या पुलाचा, त्यामुळे हा समज वर्षभर टिकला.

मग आम्ही नवरा-बायको साताऱ्याला लेकीच्या सासरी गेलो. आमचे व्याही फौजेतले. वीस वर्षं त्यांनी लष्कराचे ट्रक डोंगराळ रस्त्यांवर चालवलेले. कासला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"पाव्हणं, द्या चावी. घाट हाय."

"छे छे! आज तुम्ही आमचे पाहुणे," मी म्हणालो. त्यांच्याच गावात त्यांना पाहुणा करून मी चावी खिशात घातली.

रविवार होता. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली. दोन-तीन वळणं झाली आणि जळका वास आला.

"शेतात पाचट पेटवलंय कुणीतरी," मी म्हणालो.

"डोंगरात ऊस कुठला?" मागून लेकीशेजारी बसलेली बायको म्हणाली.

मग मी पुढच्या टेम्पोवर संशय घेतला. टेम्पो निघून गेला, वास राहिला. शेवटी कडेला घेऊन मी बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत पाहत राहिलो. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, रेडिएटरच्या झाकणाचा चटका बसून हात मागे घेतला. "वायरिंगचं काहीतरी दिसतंय," असा निकालही दिला. व्याह्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा गार होऊ द्या. उतरताना मी घेतो." मला वाटलं, उन्हामुळे मी थकलेला दिसत असेन. येताना गाडी त्यांनी आणली. वासाचं नाव नाही. उताराला वारा लागतो म्हणून, असं स्पष्टीकरणही मीच दिलं.

सांगलीला परतल्यावर मी तपास हाती घेतला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. वायर जळली तर कसा वास येतो, ऑइल सांडलं तर कसा, ब्रेक चिकटला तर कसा, सगळं वहीत लिहून घेतलं. मग फेरी मारून यायचं आणि चारी चाकांशी वाकून नाक लावायचं, असं सुरू झालं.

"अहो, लोक बघतात," बायको म्हणाली. "कुत्रं खांब हुंगतं तसं दिसतं ते."

चौथ्या दिवशी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र रांगायची. निमूट माधवनगर रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकपुढे वही उघडली. त्याने ती वाचली नाही. बॉनेटही उघडलं नाही. माझ्या शेजारी येऊन बसला.

"चला सर, एक चक्कर मारू."

मी फार जपून चालवली. तो रस्त्याकडे पाहतच नव्हता, माझ्या पायांकडे पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, डावा पाय कुठं हाय तुमचा?"

"क्लचवर."

"आन् गिअर टाकून झाल्यावर?"

"तिथेच. ऐनवेळी शोधायला नको."

"व्हय. आन् चढावर थांबलं की? ब्रेक धरता का न्हाई?"

ब्रेक न लावता, अर्धा क्लच आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागच्या जागी कशी तोलून धरायची, हे मी त्याला अभिमानाने समजावून सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "मग वास तुमच्या पायाचा हाय की, सर. क्लचप्लेट घासून घासून भाजलीय."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घर्षणाने उष्णता निर्माण होते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं.

गॅरेजवाल्याने नवी प्लेट टाकली आणि जुनी माझ्या हातात दिली. काळी पडलेली, घासून गुळगुळीत, आणि हुंगल्यावर अगदी घाटातलाच वास. घरी येऊन मी व्याह्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मला तितंच कळलं हुतं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"आवं, लेकीचा बाप तुमी. आमच्या सुनंसमोर कसं सांगायचं, पाय काढा म्हणून?"

त्यांच्या या मर्यादेपायी माझी क्लचप्लेट गेली, असं म्हणायची माझी इच्छा होती. पण त्यांनी चावी मागितली होती आणि मी ती दिली नव्हती. मी म्हणालो, "आता सांगा."

पुढच्या आठवड्यात ते सांगलीला आले आणि सगळा संकोच साताऱ्यातच ठेवून आले. पुलाच्या चढावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. हँडब्रेक ओढायचा, पाय काढायचा, मग सावकाश निघायचं. मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्या वेळी न थरथरता, न मागे सरकता निघाली, आणि मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं.

"फुडं बघा, पाव्हणं," ते ओरडले.